ओव्हर कोण घेणार?

शबनम सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तरीही ती बायडाबाईंच्या सलाईनचे थेंब शांतपणे मोजत होती. नर्सने रागवायचं ते ड्युटी संपल्यावर, असं तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण ड्युटी तर केव्हाच संपली होती! पुढच्या पाळीची नम्रताच आली नव्हती. शबनमने फोन लावला.

"अगं, मॅडमनी मला वर डिलक्स मजल्यावर पाठवलंय," नम्रता कुजबुजली. "कुणीतरी बडे पेशंट आलेत. मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

सांगितलं असेल! सांगतील कशाला? वासंती मॅडम या हॉस्पिटलच्या मेट्रन, आणि बाई पक्की. आज वाघोलीच्या कॉलेजात शबनमची तोंडी परीक्षा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नर्सिंग प्रशासनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्राचा कोर्स तिने वर्षभर केला होता, दर रविवारची सुट्टी जाळून. आजची तोंडी हुकली की पुढची थेट पुढच्या वर्षी. असिस्टंट मेट्रनची जागा मात्र याच महिन्यात भरायची होती आणि प्रमाणपत्राशिवाय तिच्या अर्जाला कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं.

मॅडमना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पेशंट दुसऱ्या सिस्टरच्या स्वाधीन केल्याशिवाय, वॉर्ड सोडायचा नाही हा नियम शबनम मोडणार नाही. दुसरी एखादी डोकं दुखतंय म्हणून सटकली असती. ही मरेल पण हलणार नाही. माणसाच्या चांगुलपणाचीच वेसण करायची आणि त्याच दोरीने त्याला ओढायचं, याला काय म्हणावं? वर बोलणं असं गोड की बस! "शबनम, तू आहेस म्हणून हा वॉर्ड चालतो गं." बारा वर्षं मॅडमनी तिला अशी हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवली होती.

"पोरी, तुला जायचंय तर जा की," मांजरी गावच्या बायडाबाई खाटेवरून म्हणाल्या. पोटाचं ऑपरेशन होऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. "आमी काय पळून जातोय व्हय?"

"तुम्ही नाही हो पळत आजी. तुमचं बीपी पळतंय."

मग शबनमने मेट्रनच्या ऑफिसला फोन केला. "मॅडम, वॉर्डात या. लगेच." एवढंच बोलून ठेवला. असं तिने कधी बोलावलं नव्हतं, म्हणून मॅडम धावतच आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"मी जातेय. ओव्हर घ्या."

"कुणी?"

"तुम्ही."

मॅडम हसल्या. "वेड लागलंय का? मी मेट्रन आहे."

"रजिस्टर्ड नर्स आहात ना? ओव्हर घ्यायला रजिस्टर्ड नर्स लागते, हे आपणच शिकवलंत. केबिन लागत नाही."

"तास-दोन तास थांबलीस तर आभाळ कोसळणार आहे का? तोंडी परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते."

"जागा नसते. आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

सगळा वॉर्ड कान टवकारून ऐकत होता. जेवणाचे डबे घेऊन आलेले नातेवाईकसुद्धा डबे उघडायचे विसरले. मॅडमना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. शबनमने एकेका खाटेपाशी उभं राहून ओव्हर दिला आणि शेवटी बायडाबाईंपाशी आली.

"हात सुजलाय. सलाईन बाहेर जातंय, नवी शीर शोधायला हवी. तुम्ही येईपर्यंत मी दोनदा टोचलं, मिळाली नाही."

आता कशी जिरते बघू, असं तिच्या मनात आलंच. का येऊ नये? मॅडमनी कित्येक वर्षांत पेशंटला हात लावला नव्हता. मॅडमनी घड्याळ काढून खिशात टाकलं, हात धुतले, स्टूल ओढून बसल्या. बायडाबाईंचा दुसरा हात दोन बोटांनी चाचपला आणि सुई पहिल्याच फटक्यात शिरेत.

"आगं बया! मुंगी बी चावली न्हाई," बायडाबाई म्हणाल्या.

शबनम बघतच राहिली. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या डोक्याचा नुसता भडका उडाला. म्हणजे येत होतं! सगळं येत होतं या बाईला. चार वर्षांपूर्वी तिचे अब्बा शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा रिलीव्हर नाही म्हणून तिने याच वॉर्डात दुसरी पाळी ओढली होती. "माझा नाइलाज आहे गं, दुसरं कुणीच नाही," असं याच मॅडम वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून म्हणाल्या होत्या. शबनम घरी पोचली तेव्हा जनाजा दारात होता.

"मॅडम," ती म्हणाली, "माझे अब्बा गेले त्या दिवशीही तुमचे हात हेच होते ना?"

चिकटपट्टी लावता लावता मॅडमची बोटं थांबली.

"जा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नगर रस्त्याला गर्दी असेल."

शबनम वाघोलीला युनिफॉर्मवरच पोचली. शेवटचं नाव पुकारून झालं होतं आणि परीक्षक बाई पर्स आवरत होत्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या पुन्हा खाली बसल्या.

"बसा, पाणी घ्या. तुम्हाला प्रशासनात का यायचंय?"

याचं उत्तर सगळ्यांचं पाठ होतं. सेवेचा दर्जा, नेतृत्वगुण, संस्थेचा विकास. शबनमचंही पाठ होतं, पण तिच्याच्याने ते तोंडातून काढवेना.

"कारण खाली वॉर्डात एखादीचा बाप मरत असतो, मॅडम. तेव्हा केबिनमधून उठून तिचा ओव्हर घ्यायला कुणीतरी हवं."

परीक्षक बाईंनी आवरलेली पर्स बाजूला ठेवली.

"पुढचा प्रश्न विचारा," शबनम म्हणाली.