भस्मातली पावलं

शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ सुरू झाला की पापनाशमच्या बसथांब्यामागच्या पत्र्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरत नसे. कुंभकोणमहून, तंजावूरहून, कालव्याकाठच्या खेड्यांतून माणसं येत. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं असे आणि प्रत्येकाच्या पिशवीत त्या गेलेल्याचा एक फोटो असे.

मंडपाच्या टोकाला एक खोली होती. तिच्या मधोमध गुडघ्याएवढा दगडी चौथरा होता आणि त्यावर बोटभर जाडीचा, चाळणीनं चाळलेला भस्माचा थर. लोक दोरीपलीकडून तो पाहून घेत. कोरा, सपाट. मग विभूतीस्वामी पायरीवर येऊन उभे राहत, नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत उचलत आणि एकेक तळपाय वळवून दाखवत.

"बघा! हे माझे पाय. म्हशीच्या खुरासारखे! हे लेकराचे पाय आहेत का?"

"नाही, सामी!"

"खोलीला दुसरं दार आहे का?"

"नाही, सामी!"

"मग येणारा येतो कुठून?"

लोक भक्तिभावानं वर बघत. वर पत्रा होता आणि पत्र्यावर देणगी देणाऱ्या वीटभट्टीवाल्याचं नाव ठळक रंगवलेलं होतं. त्याच्या पलीकडचा स्वर्ग ज्याचा त्यानं कल्पायचा.

स्वामी आत जात, पडदा ओढत आणि घंटा वाजू लागे. दहा मिनिटांनी पडदा उघडला की भस्मात इवली इवली पावलं उमटलेली असत. सात, कधी नऊ. गर्दीतून एकच हुंदका उठे.

त्या शुक्रवारी सगळ्यांच्या पुढे, दोरीवर ओणवून, महालक्ष्मी उभी होती. पावलं दिसताच ती घरच्या मराठीत म्हणाली, "आलास रे, भरद्वाजा? उन्हात अनवाणी आलास?"

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या विनुतानं डोळे मिटून घेतले. महालक्ष्मी तिची थोरली बहीण होती. आणि भरद्वाज आठव्या वर्षी बुडून गेला होता.

विनुता तंजावूरला पोलीस खात्यात फोटोग्राफर होती. खून, अपघात, जळीत, जिथं काही घडेल तिथं जायचं आणि काहीही हलण्याआधी सगळं टिपायचं, हे तिचं काम. ऐप्पसी महिन्यात, तिकडच्या ऐन पावसाळ्यात, एका दुपारी तिला निरोप आला होता, पापनाशमजवळ वीटभट्टीच्या खड्ड्यात कोणी मुलगा पडलाय. ती गेली. माती उपसून केलेला दोन पुरुष खोल खड्डा, पावसानं काठोकाठ भरलेला. भोवती कुंपण नाही, फलक नाही. तिनं चारही बाजूंनी फोटो काढले. काठावरच्या चिखलात एका लहान पायाचा ठसा होता, घसरलेला. शेजारी मोजपट्टी ठेवून तिनं तोही टिपला. मग गळ टाकणाऱ्यांनी निळा सदरा वर काढला. सदऱ्याची तुटलेली गुंडी तिनंच रविवारी शिवून दिली होती.

कॅमेरा तिनं सहकारी गणेशकुमारच्या हातात दिला आणि ती चिखलात खाली बसली. पुढचं तिला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याभोवती नवं तारेचं कुंपण होतं. "पहिल्यापासून होतं," असं भट्टीचे कामगार एकासुरात सांगू लागले. कुंपण नव्हतं हे सांगणारे विनुताचे फोटो होते, आणि दुसरी महालक्ष्मी होती. रोज त्या वाटेनं मुलाला शाळेत नेणारी, मालकाकडे दोनदा तक्रार करून आलेली.

तेराव्यानंतर महालक्ष्मी बहिणीला एकच वाक्य म्हणाली होती. "तो पाण्याखाली होता विनू, आणि तू फोटो काढत होतीस."

त्यानंतर दोघींचं बोलणं जवळजवळ बंद झालं. मग हे शुक्रवार सुरू झाले. महालक्ष्मीचा नवरा शेषाद्री आधी गप्प राहिला. इतक्या दिवसांनी बायको सकाळी उठून केस विंचरत होती, त्याला तेवढंच पुष्कळ वाटलं. पण मार्गळी महिन्याच्या शेवटी, पोंगलच्या तोंडावर, त्यानं विनुताला फोन केला.

"ती साक्ष द्यायला नको म्हणते. भट्टीवाल्यावरचा खटला पुढच्या महिन्यात चौदा तारखेला आहे. स्वामी सांगतात, भरद्वाज म्हणतो, अम्मा, माझं नाव कोर्टात घेऊ नको, मला तिकडे त्रास होतो."

"भावोजी," विनुता म्हणाली, "शुक्रवारी मी येते."

त्या शुक्रवारी पावलं उमटली, लोकांनी गालांवर थापट्या मारून घेतल्या, कापूर जळला. विनुता पुढे गेली, आपलं काम सांगितलं आणि फोटो काढण्याची परवानगी मागितली. स्वामी खूश झाले. "काढा, काढा! आजवर मेलेल्यांचे काढलेत, आता अमर झालेल्याचे काढा! यंत्रालाही पुण्य लागू दे!" लोक हसले.

विनुतानं तिपाई उभी केली, पावलाशेजारी मोजपट्टी ठेवली आणि टॉर्च चौथऱ्याच्या कडेला अगदी आडवी धरली. वरून उजेड पडला की खळगा सपाट दिसतो. आडवा पडला की केसाएवढी रेघसुद्धा सावली टाकते. सातही पावलं तिनं एकेक करून टिपली.

घरी बसून तिनं ते फोटो मोठे केले आणि काठावरच्या ठशाच्या फोटोशेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती बहिणीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली.

"अक्का, हे पाऊल चार इंच आहे. आपला भरद्वाज आठ वर्षांचा होता. काठावरचा त्याचा ठसा मी मोजलाय. याच्या जवळजवळ दुप्पट."

"स्वामी म्हणतात, तिकडे गेलं की सगळे बाळकृष्णाएवढे होतात." महालक्ष्मीनं मान वर केली नाही. तांदूळ निवडत राहिली.

"बरं. मग हे बघ. तळव्याच्या मधे या आडव्या घड्या आहेत. पायाच्या तळव्याला अशा घड्या नसतात. आणि प्रत्येक उजव्या पावलात, त्याच जागी, ही तिरकी रेघ. जुन्या भाजल्याचा वण असावा. भरद्वाजच्या पायाला वण होता?"

"बंद कर ते."

"अक्का..."

"तुला माझ्याकडून तोही न्यायचाय का? एकदा फोटो काढलेस, पुरे झालं नाही?"

 विनुता उठली, डब्यातून मूठभर तांदळाचं पीठ घेतलं आणि ताटात पसरलं. हात पुढे करणार तोच थांबली. ताट तिनं बहिणीपुढे सरकवलं.

"मी नाही करत. तू कर. गोकुळाष्टमीला दारापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढतेस तसं."

महालक्ष्मी ताटाकडे पाहत राहिली.  मग तिनं उजव्या हाताची मूठ वळली, मुठीची करंगळीकडची कड पिठावर दाबली आणि बोटाच्या टोकानं पुढे पाच ठिपके दिले. वीस वर्षं दरवर्षी करत आलेलं काम. हातानं ते विचार न करता केलं.

पिठात लहानसं पाऊल उमटलं. मधे करंगळीच्या घड्या होत्या.

ती ओरडली नाही. तिनं ताट पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तो माझ्या शेजारी बसून ठिपके द्यायचा गं. सहा सहा द्यायचा."

मग ती रडली, आणि ऐप्पसीनंतर पहिल्यांदाच विनुतानं तिला जवळ घेतलं.

कोणी विचारील, घरोघरी बायका दरवर्षी जी पावलं काढतात ती त्यांनी ओळखली कशी नाहीत? पांढऱ्या पिठाऐवजी राखाडी भस्म, दोरीचं अंतर, कापराचा धूर, एवढं पुरेसं होतं. आणि स्वामी पाय दाखवत होते, म्हणून सगळे पायच बघत होते. हातांकडे कोणी बघितलं नाही. त्यात ज्याचं मूल गेलंय त्याला बघायचंच नसतं.

पुढच्या शुक्रवारी पडदा उघडल्यावर महालक्ष्मी दोरीखालून आत गेली. कोणाला कळायच्या आत तिनं भस्मातल्या पावलांशेजारी मूठ दाबली, ठिपके दिले. एक, दोन, तीन. मग ती तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, पुढे या आणि नीट बघा. हे आपण सगळ्याच काढतो."

पुढच्या रांगेतल्या बायका वाकल्या. एकीनं नकळत स्वतःची मूठ वळली आणि त्या मुठीकडे पाहिलं.

"पाप! पाप!" स्वामी गरजले. "शोकानं बाईची बुद्धी गेली! आत्म्याला हिनं विटाळलं!"

"मग उजवा हात दाखवा, सामी," महालक्ष्मी म्हणाली. "पाय रोज दाखवता."

स्वामींनी हात उपरण्यात घेतला. तेव्हा भवानी नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिची नात साईप्रिया तापानं गेली होती, आणि दर शुक्रवारी मंडप झाडायला ती सगळ्यांच्या आधी येत असे.

"दाखवा ना, सामी," ती लाडानं म्हणाली. "या लोकांची तोंडं बंद होऊ देत. तुमच्या हातात काय लपवायचंय?" आणि तिनं तो हात उपरण्यातून ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाया पडायला घेतात तसा.

तळहाताच्या कडेला भाजल्याचा तिरका वण होता. वणात भस्म अडकलं होतं.

विनुतानं फोटोचा मोठा कागद पुढे धरला, पण म्हातारीला त्याची गरज उरली नव्हती. तिनं तो हात हळूच सोडून दिला. सगळ्यांच्या आरडाओरड्यात ती महालक्ष्मीकडे वळली.

"आता माझी साईप्रिया कुठून येणार?" तिनं विचारलं. "तू हुशार आहेस. सांग."

 महालक्ष्मी म्हातारीशेजारी खाली बसली, बस.

दोन दिवसांत स्वामी गाव सोडून गेले. मंडपाच्या पत्र्यावर ज्याचं नाव होतं त्याच भट्टीवाल्यानं त्यांना पढवलं होतं का, असं पत्रकारांनी विनुताला विचारलं. "ते माझ्या फोटोत नाही," ती म्हणाली. "जे आहे तेवढंच मी सांगेन."

चौदा तारखेला महालक्ष्मीनं साक्ष दिली. कुंपण नव्हतं, दोनदा सांगूनही घातलं नाही, हे तिनं न अडखळता सांगितलं. भरद्वाजचं नाव तिनं चार वेळा घेतलं. निकाल अजून लागायचा आहे.

मंडप बंद झाला, पण शुक्रवारी साडेदहाला ती माणसं कुठे जाणार? महालक्ष्मी आता दारापुढच्या ओट्यावर चटई घालते. आधी भवानी आली, मग आणखी दोघी. कॉफी होते, फोटो पिशवीतून बाहेर निघतात. तिथं काही उमटत नाही, कोणी येत नाही. गेलेल्यांबद्दल बोलतात, रडतात आणि बाराच्या बसनं परत जातात.

नव्यानं आलेल्याला महालक्ष्मी एकच गोष्ट सांगते. "आपलं माणूस गेलं, ते परत येत नाही. याहून कठीण काही नाही, पण खरं तेच आहे. रडा, कितीही रडा. पण गेलेल्याच्या तोंडून कोणी तुम्हाला गप्प बसायला सांगू लागला, तर आधी जवळ जाऊन बघा. उजेड नीट धरा. आणि तुम्ही गप्प बसल्यानं कोणाचं भलं होतंय, ते विचारा."