ब्रेकवरचा पाय

बाबांच्या गाडीला सीटं दोन होती आणि घरात माणसं तीन. त्यामुळे ती दारात आली त्या दिवसापासून घरात तिच्याविषयी एकमत असं कधी झालंच नाही. हिरवी, बुटकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. बाबा तिच्यात बसत नसत. घट्ट सदरा घालावा तशी ती अंगात चढवत.

बाबा गेले तेव्हा गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, आणि चाकांमागचं सगळंच सोडवून ठेवलेलं: स्प्रिंगा, सस्पेन्शनचे हात, ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे. सोडवायचं काम त्यांनी मनापासून केलं होतं. जोडायचं राहून गेलं.

काही महिन्यांनी आई म्हणाली, "विकून टाकू."

गिऱ्हाईक मामांनीच पाठवलं. संध्याकाळच्या अंधारातही गॉगल लावून आलेला गृहस्थ. त्याचं नाव कोणी विचारलं नाही, घरात तो गॉगलवालाच झाला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सुटी असली तरी चालेल. मला काय, सुटीच विकायची आहे."

हे वाक्य लेकीच्या वर्मी लागलं. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करत असे. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी, बोलायला कमी, वाचायला दांडगी. त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "मी जोडते."

आईने ताटातून मान वर केली नाही. "जोड. पण चालते की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. चालायची ती नेहमीच. थांबते का, ते दाखव. थांबली तर राहील. नाही तर रविवारी तो गॉगलवाला येईल, आणि मी मध्ये पडणार नाही."

आईच्या बोलण्याला आधार होता. बाबांनी ती गाडी एकदा शेजाऱ्यांच्या कुंपणात थांबवली होती आणि एकदा थेट न्हाव्याच्या पायरीवर. न्हावी बाहेर येऊन गाडीकडे न बघता त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाला होता, "साहेब, एवढ्या घाईने आलात, पण मी कापू काय?"

तर लेक कामाला लागली. बाबांचा निळा डगला बाह्या दुमडून घातला आणि त्यांचं जाडजूड मॅन्युअल स्टुलावर उघडं ठेवलं. मदतीला आत्या. आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि ते चार दिवस अजून संपायचे होते.

"मला त्यातलं काही कळत नाही हं," आत्या म्हणाली, आणि पाना उचलला.

सस्पेन्शनच्या हातांतले जुने, चिरा पडलेले रबरी बुश निघता निघेनात. शेवटी ते शिकंज्यात धरून दोघींनी मिळून दाबून काढले, तेव्हा आत्या त्या शिकंज्याला आपल्या पहिल्या बॉसचं नाव ठेवून मोकळी झाली. नवे बुश साबणाच्या पाण्याने सुळकन आत गेले. स्प्रिंग दाबून बसवताना लेकीने आत्याला शेडबाहेर उभं केलं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस बघत नाही. स्टिअरिंगचे दांडे जोडले. चाकं तात्पुरती चढवली; ती एका रेषेत आहेत का हे बघायला दोरी हवी होती. आत्याने विणायला घेतलेल्या स्वेटरची लोकर उसवून दिली.

"कुणासाठी होता गं?"

"तुझ्यासाठीच. आता गाडीला झाला."

सगळं कसं झोकात चाललं होतं. घोडं पेंड खायला लागलं ते ब्रेकपाशी.

ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल पोकळ होतं. पाय जातो, ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी छोटं निपल सैल करायचं, नळीतून हवा आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, निपल पुन्हा आवळायचं; आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला, की गेलेली हवा पाहुण्यासारखी परत आत.

"दाब!"

"दाबलं."

"धर... धर हं..."

"धरलंय गं. धरण्यावरून आठवलं, तुझ्या आजोबांनी एकदा—"

"आत्या! पाय!"

"अगंबाई, उचलला वाटतं."

पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस अंगणात हाच घोष. वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आई भांडी घासत असे. बाबांच्या काळात पेडलवर नेहमी तीच बसायची. बाबा गेल्यापासून तिने शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ती खिडकी किलकिली होती, आणि एकच पातेलं बराच वेळ घासलं जात होतं.

शनिवारी दुपारपर्यंत आत्यासुद्धा तरबेज झाली होती. एकही गोष्ट न सांगता तिने पाय धरून दाखवला. नळीतून स्वच्छ तेल येत होतं, बुडबुडा औषधालाही नव्हता. आणि पेडल? चिखलात पाय जावा तसं.

"तेल बदलून बघ," आत्या म्हणाली.

"बदललं."

"देवाचं नाव घेऊन बघ."

"मॅन्युअलमध्ये नाही ते."

वरून खिडकी सताड उघडली. "वन्सं, तुम्ही उतरा बघू त्यातून!"

आई खाली आली. ओले हात पुसत शेडच्या दारात क्षणभर थांबली, मग गाडीत शिरली. आत्याला उतरायला लागला त्याच्या पाव वेळात. सीट किती पुढे घ्यायची, हे आईच्या हाताला बघावं लागलं नाही. तिने पेडलवर पाय ठेवला, एकदा दाबला आणि ओठ मुडपले.

"हवा आहे."

"बुडबुडा येत नाही, आई."

"तुझ्या बुडबुड्याचं मला सांगू नकोस. माझा पाय सांगतोय. चल, म्हण."

"दाब."

आईने दाबलं. लेक जमिनीवर आडवी झाली, निपल सैल केलं. स्वच्छ तेल. आवळलं. पुन्हा. पुन्हा. मग आतून आवाज आला, जरा त्रासिक, "तू आहेस तरी कुठे?"

"इथेच. चाकापाशी."

"मला दिसत नाहीस."

"खाली झोपलेय."

"झोपलीयस कशाला? ते कधी झोपले नाहीत या कामाला." पुढचं बोलताना तिचा आवाज जरा निराळा झाला, पण शब्द रोजचेच होते. "उकिडवे बसायचे. मला इथून त्यांचं टक्कल दिसायचं, बॉनेटच्या कडेवर. चंद्र उगवावा तसं. पाय उचलायचा की नाही ते मी टकलाकडे बघून ठरवायची, ते काय ओरडताहेत ते कधीच ऐकू यायचं नाही."

आत्या फस्सकन हसली. लेक हसली नाही. ती जमिनीवर तशीच पडून निपलकडे बघत राहिली.

निपल सगळ्यात खाली होतं. म्हणून ती झोपली होती. बाबा उकिडवे बसायचे, म्हणजे त्यांचा हात वर असायचा. म्हणजे त्यांच्या वेळी निपल वर होतं. आणि हवा तर वरच जाणार. खालून ती कुठल्या जन्मी निघणार?

ती उठून बसली. पलीकडच्या चाकापाशी गेली. तिथेही निपल खालीच.

"आत्या," ती सावकाश म्हणाली, "डावा ब्रेक मी उजवीकडे लावलाय. आणि उजवा डावीकडे. म्हणून दोन्ही निपलं खाली गेलीत."

"अगं पण तूच तर रंगवून शेजारी शेजारी वाळत टाकले होतेस!"

"हो ना. गाडीच्या समोर उभी राहून. माझं डावं ते तिचं उजवं."

"लोकांच्या पुस्तकातला अनुस्वार सुटत नाही हिला," आत्या म्हणाली, आणि स्टूल ओढून नीट हसायला बसली. आईही हसत होती. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, खांदे हलवत, बऱ्याच वेळापर्यंत. शेवटी शेवटी ते हसणंच होतं की नाही, हे लेकीने वाकून पाहिलं नाही. ती पाना शोधत राहिली. पाना तिच्या हातात होता.

रविवारी सकाळीच दोन्ही ब्रेक सोडवून आपापल्या जागी गेले. "दाब" म्हटल्यावर नळीत पहिला बुडबुडा आला आणि मग त्यांची जत्राच लागली. लेक उकिडवी बसली होती. तिला टक्कल नव्हतं, तरी आईचं काही अडलं नाही. पेडल हळूहळू वर येत गेलं आणि एका क्षणी आई म्हणाली, "लागलं."

चाकं चढवली, गाडी घोड्यांवरून जमिनीवर उतरली, आणि आई शेवटचं एकदा दाबून बघत होती एवढ्यात फाटकाशी टेम्पो वाजला. गॉगलवाला दोन माणसं घेऊन आला होता.

"अरे वा, जोडलीत? उगाच त्रास घेतलात." त्याने माणसांना खूण केली. "ढकला रे. काकू, तुम्ही बसा हवं तर, स्टिअरिंग सांभाळा."

"बसते," आई म्हणाली.

माणसांनी पुढून जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. पाय रोवून पुन्हा लावला. एकाची चप्पल मातीत मागे गेली, गाडी तिथेच.

"हॅन्डब्रेक बघा हो."

"सुटलेला आहे," लेक म्हणाली. "गिअरही नाही टाकलेला."

गॉगलवाल्याने कोट काढून आत्याच्या हातात दिला आणि स्वतः खांदा लावला. तिघंही लालबुंद झाले. मग त्याने गॉगल वर केला आणि खिडकीतून आत बघितलं.

"काकू, ब्रेकवर पाय आहे तुमचा!"

"आहे ना."

"मग गाडी हलेल कशी?"

"हलत नाही म्हणता?"

"अहो, डोंगरासारखी उभी आहे!"

आईने मान वळवून लेकीकडे बघितलं. "ऐकलंस? तिऱ्हाईत माणूस सांगतोय." आणि गॉगलवाल्याला म्हणाली, "तुम्ही चहा घेऊन जा. गाडी राहू दे."

गॉगलवाला बराच वेळ व्यवहाराच्या गोष्टी बोलला. आत्याने त्याला कोट घातला, बटणं लावली आणि बोलत बोलतच फाटकापर्यंत पोहोचवला. टेम्पो रिकामा गेला.

आई उतरली नाही. लेक दुसऱ्या बाजूने शेजारच्या सीटवर येऊन बसली. दोघी पत्र्याच्या भिंतीकडे बघत होत्या. थोड्या वेळाने आई खाली वाकून पायांपाशी निरखू लागली.

"मी इतकी वर्षं हे मधलंच दाबत आलेय," ती म्हणाली. "ही बाजूची दोन कशासाठी असतात गं?"