पूर्ण नावाची हाक

बाराओनाच्या खेकड्यांनी बेसबॉलच्या त्या हंगामात इतका मार खाल्ला की शेवटी मालकालाच लाज वाटली. संघाचं नाव खेकडे, तेव्हा चाल तिरकी असणारच. पण किती तिरकी असावी यालाही काही सुमार? शुक्रवारी सकाळी मालक डॉन नापोलेओन कुएयोंनी मॅनेजर, पिचिंग कोच आणि सहायक बेबो कुएवास या तिघांना एका दमात घरचा रस्ता दाखवला. मग त्यांनी तिसऱ्या बेसजवळ उभं राहून खेळाडूंना खुणा करणाऱ्या कोचला, म्हणजे एलिहिओ फेलिसला, आत बोलावलं.

"रविवारी मोंते क्रिस्तीच्या बोकडांशी शेवटचा सामना. तोवर तू बघ," डॉन म्हणाले. "जिंकलास तर आपण पुढच्या फेरीत आणि खुर्ची तुझी. हरलास तर सोमवारच्या विमानानं मायामीहून माणूस येतोय. बॅग भरून बसलाय तो."

एलिहिओ मान हलवून बाहेर आला. केस पांढरे होईपर्यंत त्यानं हेच केलं होतं. मॅनेजर गेला की "नवा येईपर्यंत तू बघ", आणि नवा आला की हा निमूट तिसऱ्या बेसवर परत. त्याची बायको मिलाग्रोस म्हणायची, "तू दाराची कडी आहेस रे. येणारा-जाणारा हात लावतो, पण आत कुणी बोलावत नाही." तो हसण्यावारी न्यायचा. पण खरं सांगायचं तर ती खुर्ची त्याला हवी होती, फार हवी होती. आणि या वयात ते कुणापाशी बोलायची त्याला लाज वाटायची.

संध्याकाळी बातमी आली: मोंते क्रिस्तीच्या बोकडांनी बेबोला कामावर घेतलं. आता झाली का पंचाईत! टोपीला हात म्हणजे काय, पट्ट्याला हात म्हणजे काय, कान चोळला म्हणजे काय, सगळं बेबोला पाठ. निम्म्या खुणा तर त्यानं आणि एलिहिओनं रमचे घोट घेत मिळूनच ठरवल्या होत्या.

शनिवारी सरावाला एलिहिओनं नव्या खुणा शिकवायला घेतल्या. तिसऱ्या बेसवर त्यानं आपल्या जागी काचिंबोला उभं केलं. काचिंबो म्हणजे सरावात चेंडू टाकणारा गोलमटोल, गोड माणूस. त्यानं मानेवरचा डास मारला, तर फलंदाज चिचोला वाटलं ही नवी खूण, आणि त्यानं बॅट आडवी धरली. मग काचिंबोनं घाम पुसला, तर गिनेओ बेस सोडून सुसाट सुटला. गिनेओ म्हणजे केळं. पोरगा उंच, सडपातळ आणि जरा वाकडा, म्हणून गावानं ठेवलेलं नाव.

एलिहिओचं डोकं फिरलं. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "एउरिस राधामेस मेदिना कारास्को!"

अख्खं मैदान जागच्या जागी थिजलं. तिकडे माणसाचं खरं नाव पाद्र्याला माहीत असतं आणि आईला. बाकी जग टोपणनावावर चालतं. आणि आई ते नाव दोन्ही आडनावांसकट घेते तेव्हा तिच्या हातात चप्पल असते.

गिनेओनं टोपी काढून छातीशी धरली. "मी काय केलं, काका?"

सगळे पोट धरून हसले. एलिहिओ तेवढा हसला नाही. त्यानं पोरांना जवळ बोलावलं.

"नव्या खुणा गेल्या खड्ड्यात. उद्या काचिंबो जुन्याच खुणा करेल, मनाला येतील तशा. त्या बघायच्या आणि सोडून द्यायच्या. पण मी कुणाचं पूर्ण नाव घेऊन ओरडलो, तर तिसऱ्या बेसवरच्यानं चेंडू सुटताच जीव खाऊन पळायचं. आणि फलंदाजानं बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकायचा."

"मी? आडवी बॅट?" चिचो फुरफुरला. कुंपणापलीकडे चेंडू भिरकावण्यासाठीच आपला जन्म आहे असं त्याचं मत होतं. "आणि बेबोला कान नाहीत का?"

"आहेत ना. पण त्यालाही आई होती."

रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल बडवले जात होते आणि पायऱ्यांवरचा प्रत्येक माणूस स्वतःला मॅनेजर समजत होता. "एलिहिओ, खुर्चीला पाठ टेकू नकोस, भाड्याची आहे ती!" असं कुणीतरी ओरडलं. ते त्याला लागलं, पण त्यानं वर पाहिलं नाही.

सामना रडतखडत बरोबरीत शेवटच्या डावापर्यंत आला. खेकड्यांचा एक गडी बाद, गिनेओ तिसऱ्या बेसवर, चिचो बॅट घेऊन उभा. जिंकायला एकच धाव हवी होती. काचिंबोनं टोपी, पट्टा, कान असा साग्रसंगीत सोहळा केला. समोरच्या बाकावरून बेबोनं तो वाचला आणि आनंदानं ओरडला, "जोरात मारणार आहे! मागे सरका सगळे!" बोकड मागे सरकले.

एलिहिओ बाकापुढच्या पायरीवर आला. चिचो ऐकेल का? रुबाबात बॅट फिरवली तर संपलंच. त्यानं डोळे मिटले आणि आईच्या सुरात हाक घातली, "एउरिस राधामेस मेदिना कारास्को!"

गिनेओनं गुन्हेगारासारखी मान खाली घातली. बेबो खदाखदा हसला. "अरे, पोरावर कशाला डाफरतोस? हरायच्या आधीच सैरभैर झालास की रे!" बोकडांचा चेंडू टाकणारा पिचरही गालात हसला, आणि हसत हसतच त्यानं चेंडू टाकला.

गिनेओ तोवर निघाला होता. चिचोनं, त्या गर्विष्ठ चिचोनं, बॅट आडवी केली. चेंडू दमलेल्या कासवासारखा गवतात दोन हात सरपटला आणि थांबला. पिचर धावत येऊन वाकेपर्यंत गिनेओ, जिथं धाव पुरी होते त्या घरच्या बेसवर, पोटावर घसरत पोचला होता.

मग जो कल्लोळ उठला त्याला तोड नाही. पोरांनी आधी चिचोला उचललं, मग काचिंबोला उचलायचा प्रयत्न करून सोडून दिला. एलिहिओ पायरीवरच बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

बेबो मैदान ओलांडून आला. "मला वाटलं, तू खरंच झापतोयस त्याला."

"तुला तसं वाटावं म्हणूनच तर."

"माझी आई असती ना, तर आज तिनं माझंही पूर्ण नाव घेतलं असतं," बेबो म्हणाला आणि त्यानं एलिहिओला मिठी मारली.

तेवढ्यात डॉन नापोलेओन घामाघूम होऊन खाली आले. "शब्द म्हणजे शब्द. खुर्ची तुझी. मायामीला उद्या कळवतो."

"उद्या नाही," एलिहिओ डोळे पुसत म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

डॉननी त्याच्याकडे पाहिलं आणि गुपचूप फोन लावला. "हॅलो? हो, मीच. बॅग उघडा आणि कपडे परत कपाटात ठेवा. आमच्याकडे मॅनेजर आहे."

"गोंगाटात ऐकू गेलं नसेल त्यांना," एलिहिओ म्हणाला. "शेवटचं तेवढं पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."

डॉन हसले, आणि त्यांनी ते वाक्य सगळ्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा म्हटलं.