उबेत गळणारा तुकडा

मेडेयीन शहरातल्या एका प्रयोगशाळेत एडिल्माने संगणकाशी उभा दावा मांडला होता. फुफ्फुसात घर करणाऱ्या एका यीस्टचा अख्खा जीनोम संगणकाने वाचला होता, आणि एका जनुकात इंट्रॉन नाहीच असा त्याचा निर्वाळा होता. इंट्रॉन म्हणजे जनुकात मध्येच घुसलेला मजकूर. पेशी तो कापते आणि उरलेलं जोडून वाचते. एडिल्मा म्हणायची, आहे. या यीस्टच्या भावंड-जातींत याच जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनात तेवढा भाग नाही, मग इथे तो आगंतुक कुठून आला? तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्याच तुकड्यावर उभं होतं.

पारख सोपी होती. मूळ डीएनएचा पट्टा आणि पेशीने कापून-जोडून झालेल्या आरएनएवरून काढलेल्या प्रतीचा पट्टा, लांबी दाखवणाऱ्या जेलच्या थरावर शेजारी शेजारी पळवायचे. दुसरा आखूड निघाला की एडिल्मा खरी.

मंगळवारी ती मारियामातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून आली. इंट्रॉन मागितला नाही. जे निघेल ते गोड मानायची बुद्धी मागितली.

निघाले दोन्ही पट्टे सारखेच. गोड काही मानवेना.

“झालं, आता यंत्राची माफी माग,” शेजारच्या टेबलावरचा ओविदिओ म्हणाला.

तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर अम्पारोबाईंनी जेलचा फोटो पाहिला आणि यीस्ट कुठे वाढवलं ते विचारलं.

“खिडकीपाशी, प्रोफे. उबेच्या कपाटात ओविदिओच्या बाटल्या होत्या. म्हटलं, कशाला भांडायचं.”

“अगं पोरी, गारव्यात त्याची कापसासारखी बुरशी होते. माणसाच्या अंगाची ऊब मिळाली तरच ते यीस्ट. तू परीक्षा घेतलीस ती बुरशीची.”

हेच एडिल्मा पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. तिचे कान तापले. तिने तडक जाऊन ओविदिओच्या बाटल्यांचा एक कप्पा रिकामा केला. तो कुरकुरला, पण तिने ऐकलंच नाही.

उबेत वाढलेल्या यीस्टचा पट्टा आखूड निघाला. ओविदिओने फोटो उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे गारव्यात यंत्र खरं, उबेत तू.”

“आणि असं का, ते कोण सांगणार?” अम्पारोबाईंनी एडिल्माकडे पाहिलं. “दोन्ही तऱ्हांनी पुन्हा कर. मग लिही.”

ते ‘का’ एडिल्मालाही ठाऊक नव्हतं. प्रकरण मात्र बुडालं नव्हतं, उलट फुगलं होतं. आग्वापानेलाचा, म्हणजे गुळाच्या पाण्याचा, पेला बाजूला सारून तिने ‘इंट्रॉन आहे’ एवढंच सांगणारं प्रकरणाचं पहिलं वाक्य खोडलं.