पान एकशे त्रेचाळीस

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक डॉक्टर नव्हता. पण तो पांढरा कोट घालायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बॅटरी मारायचा, त्यामुळे सगळे त्याला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला "नाही हो, मी फक्त नंबर काढतो" असं तो कळवळून सांगायचा. पुढे सांगून सांगून दमला, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला त्याला बरंही वाटायला लागलं.

या डॉक्टरला वाचनाचं भारी वेड. वाचणारे पुष्कळ असतात, पण याला स्वतः वाचून समाधान नसे. दुसऱ्याने वाचल्याशिवाय याचा घास खाली उतरत नसे. आवडही साधीसुधी नव्हती. ज्या पुस्तकात काही घडतं ते त्याला जरा संशयास्पदच वाटायचं. खून, पळून जाणं, मृत्युपत्र वगैरे असेल तर ते पुस्तक तो दोन बोटांत धरून बाजूला ठेवायचा. काउंटरच्या खालच्या कप्प्यात त्याने लोकांना द्यायची पुस्तकं रचून ठेवली होती. चष्मा न्यायला आलेल्या माणसाला चष्म्याबरोबर डबी, डबीबरोबर पुसायचं फडकं आणि फडक्याबरोबर एखादं पुस्तक मिळायचं. फडकं लोक मागून घेत. पुस्तक मात्र, "पुढच्या वेळी नक्की."

मेहुण्याला दिलेलं पुस्तक मेहुण्याने कॉम्प्युटरच्या स्क्रीनखाली सरकवलं आणि वर "अगदी मापाचं निघालं, भाऊजी" अशी पावती दिली. शेजारच्या दाताच्या डॉक्टरकडे, म्हणजे खऱ्या डॉक्टरकडे, एक कादंबरी तीन वर्षं "चाललंय" या अवस्थेत होती.

शेवटी डॉक्टरने एक युक्ती काढली. जवळचा नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतात. वरच्या ओळी मोठ्या अक्षरांत, मग बारीक, आणखी बारीक. कंपनीकडून आलेल्या कार्डावर हवेतल्या ओलाव्याबद्दल चार नीरस वाक्यं होती. डॉक्टरने ते फेकून दिलं आणि आपल्या सर्वांत लाडक्या कादंबरीतला उतारा स्वतः टाइप करून, जाड कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून घेतला. ही कादंबरी त्याच्या कॉलेजातल्या सरांनी त्याला दिली होती. "ज्याला हे भिडत नाही त्याला काहीच भिडत नाही," असं सर म्हणाले होते. डॉक्टरने ती चार वेळा वाचली होती. एकशे त्रेचाळिसाव्या पानावरचा तो उतारा तर इतका तोंडपाठ होता की टाइप करताना पुस्तक समोर ठेवायचीही गरज वाटली नाही.

उतारा असा होता: घर सोडून निघालेली एक बाई दार लावते, कुलूप घालते, दोनदा ओढून पाहते. पायऱ्या उतरून रस्त्यावर येते. सवयीने मान वर करून आपल्या खिडकीकडे पाहते. आणि सगळ्यांत बारीक अक्षरांतली शेवटची ओळ: "खिडकीत दिवा होता."

डॉक्टरचा हिशेब सरळ होता. एवढं वाचल्यावर कुठला माणूस पुस्तकाचं नाव विचारल्याशिवाय राहील?

नऊ वर्षं सगळे राहिले. माणसं कार्ड हातात घेत, मोठ्याने वाचत, "दिवा होता" पर्यंत पोचत आणि म्हणत, "हां, आता स्पष्ट दिसतंय." डॉक्टर थोडा वेळ वाट पाहायचा. मग नंबर लिहून घ्यायचा. त्याची बायको समोरच्या टेबलावर फ्रेमचे स्क्रू पिळत बसलेली असायची. दिवसातून दहा वेळा तिच्या कानावरून तो उतारा जायचा. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग एके दिवशी टायपिस्टबाई आल्या. कोर्टात चौतीस वर्षं साक्षी टाइप करून निवृत्त झालेल्या, ताठ मानेच्या, एका वाक्यात दोन कामं उरकणाऱ्या. त्यांनी कार्ड घेतलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचलं आणि मान वर केली.

"मग?"

"दिसतंय ना स्पष्ट?" डॉक्टरने विचारलं.

"दिसायचं राहू द्या. दिवा कोणी लावला?"

डॉक्टरच्या हातातलं भिंग निसटता निसटता राहिलं. बायकोचा स्क्रू पिळणारा हातही थांबला.

"त्यासाठी पुस्तक वाचावं लागेल," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. वाकून त्याने कप्प्यातून ती जाडजूड कादंबरी काढली, फडक्याने पुसली आणि मुलगी सासरी पाठवावी तशी बाईंच्या हातात ठेवली. "सावकाश वाचा. घाईचं पुस्तक नाही हे."

पुढचे तीन आठवडे डॉक्टर हवेत होता. बायकोला म्हणाला, "पाहिलंस? एक जरी वाचक मिळाला तरी पुरे."

"हो," बायको म्हणाली. "पण दिवा कोणी लावला?"

डॉक्टर जरा गडबडला. चार वेळा वाचूनही हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, आणि उत्तर काही आठवेना. "अगं, तसं नसतं ते," एवढंच तो म्हणाला.

टायपिस्टबाई आल्या त्या नवा चष्मा लावून आणि पुस्तक काखेत घेऊन. स्टूल ओढून बसल्या. पुस्तक काउंटरवर ठेवलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानात कागदाची चिठ्ठी होती.

"चारशे बारा पानं वाचली," त्या म्हणाल्या. "बाई चालते. विचार करते. पुन्हा चालते. एका बाकावर साठ पानं बसते. शेवटी पाऊस येतोय असं वाटतं, तर तोही येत नाही."

"ते तिच्या मनातलं..."

"असेल. पण दिव्याचं नाव नाही. म्हणून मी परत मागे आले आणि हे पान काढलं. वाचा."

डॉक्टरने वाचलं. दार, कुलूप, दोनदा ओढणं, पायऱ्या, रस्ता, मान वर. आणि मग, त्याच्या स्वतःच्या पुस्तकात, त्याच्याच डोळ्यांसमोर, "खिडकीत दिवा नव्हता."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आजवर हजारो लोकांना त्याने हेच करायला सांगितलं होतं. अक्षर बदललं नाही.

"नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता," बाई म्हणाल्या. "कुलूप घालून निघालेल्या बाईच्या घरात दिवा नव्हता. कशाला असेल? यात विचारण्यासारखं काही आहे का? तुमच्या कार्डावर 'होता' आहे म्हणून मी चारशे पानं झिजले. अहो, कोर्टात 'होता' आणि 'नव्हता' एवढ्यावर माणूस आत जातो नाहीतर बाहेर येतो. आमच्याकडे अशी चूक झाली असती तर साहेबांनी जाब विचारायला उभं केलं असतं."

डॉक्टरने कार्ड काढून पुस्तकाशेजारी धरलं. नऊ वर्षांत ज्या एका ओळीने एका माणसाला धरून ठेवलं, ती ओळ लेखकाची नव्हतीच. ती त्याच्या टायपिंगची चूक होती.

त्याच संध्याकाळी त्याने दुरुस्त केलेलं नवं कार्ड छापून आणलं. प्रामाणिकपणा म्हणून काही असतो की नाही? पण झालं भलतंच. दोनच दिवसांनी ड्रायव्हिंग स्कूलवाला चष्म्याचा नंबर तपासायला आला. दर वर्षी येणारा, कधी काही न बोलणारा माणूस. त्याने वाचलं, "खिडकीत दिवा नव्हता," आणि कार्ड खाली ठेवून काळजीने विचारलं, "का हो, विझवला कोणी?"

मग एकेक सुरू झालं. शिंपीणबाई म्हणाल्या, मला तर पहिल्यापासून त्या बाईच्या नवऱ्यावर संशय होता, तो आतच लपला असणार. दाताचा डॉक्टर म्हणाला, किल्ली दोघांकडे होती, त्याशिवाय शक्य नाही. म्हणजे नऊ वर्षं सगळ्यांच्या डोक्यात तो दिवा जळत होता, आणि कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. कारण डॉक्टरला विचारलं की डॉक्टर पुस्तक हातात देतो, हे गावभर माहीत होतं.

टायपिस्टबाई अधूनमधून येत राहिल्या. पुस्तक त्यांना आवडलं नव्हतं, पण वाचायची चटक लागली होती. नव्या चष्म्यातून त्या मिळेल ते वाचत सुटल्या. एकदा येताना त्यांनी डॉक्टरसाठी एक पुस्तक आणलं: मुखपृष्ठावर रक्ताळलेली सुरी, मागे तीन खुनांचं आश्वासन.

"वाचा. हातातून खाली ठेवणार नाही."

डॉक्टरने हसून घेतलं आणि हातातून खाली ठेवलं. आठवड्याने बाईंनी विचारलं, "कुठवर आलं?"

"चाललंय," डॉक्टर म्हणाला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात बाई रस्ता ओलांडताना दिसल्या, आणि तो आतल्या खोलीत भिंग घासायच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. मशीन बंद होतं. बाहेर बायको "आहेत की, आतच आहेत," असं सांगत असलेली त्याला ऐकू आली.

नाइलाजाने तो बाहेर आला. "अर्ध्यावर आलोय," त्याने आधीच सांगून टाकलं.

"छान. मग पहिला कोण मेला?"

डॉक्टर छताकडे पाहायला लागला. बाईंनी हात पुढे केला. त्याने पुस्तक काढून दिलं. पानंसुद्धा सैल झाली नव्हती.

"यात लपायचं काय?" बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्याचंच त्याला जास्त लागलं. "नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणायचं. मी तुमच्या तोंडावर सांगितलंच ना?"

सांगितलं होतं खरं. इतक्या वर्षांत तसं सांगणाऱ्या त्या एकट्याच. मेहुणा, दाताचा डॉक्टर, सगळे गोडगोड बोलून सुटले होते. आणि सरांनी पुस्तक हातात दिलं तेव्हा तो स्वतः तरी काय बोलला होता? "फारच भिडलं, सर." तेव्हा तर पंचवीस पानंही झाली नव्हती. पुढे सर भेटले की विचारत, म्हणून तो वाचत गेला, आणि भिडल्याचं सांगत गेला.

"बाई, एक सांगू?" तो म्हणाला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला. "मलाही ते पुस्तक आवडलेलं नाही. चालते, चालते, काय ते चालणं! चार वेळा वाचलं, दर वेळी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय."

बाईंनी त्याच्याकडे नव्या चष्म्यातून नीट पाहिलं. "चार वेळा?"

"पाच," टेबलामागून बायको म्हणाली. तिने स्क्रू जागेवर बसवला, फ्रेम उजेडात धरून पाहिली. "लग्न झाल्या झाल्या मला अख्खं वाचून दाखवलं होतं. रोज दहा पानं."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "आणि तू म्हणाली होतीस की फार सुंदर आहे."

"नवीन होते मी," बायको म्हणाली, आणि पुढची फ्रेम उचलली.