माझ्यात फुंकर मारू नका

मित्रांनो, मी रेडिओ केंद्रातला एक जुना मायक्रोफोन आहे. दिसायला ओबडधोबड, वजनाला विटेसारखा. पण माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. कारखान्यात ती बसवताना कारागीर बाईंनी श्वास रोखून धरला होता. समोर कोणी बोललं की ती पट्टी थरथरते आणि ते थरथरणं तारेतून निघून कुठल्या कुठल्या घरांत आवाज होऊन पोचतं. सारा जन्म हेच काम केलं, तरी मला त्याचं नवल वाटायचं काही थांबलेलं नाही.

माझे पहिले धनी मास्तर. जॅझचा कार्यक्रम ते करायचे. जॅझ म्हणजे असं संगीत, की त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा ऐन वेळी सुचेल तसा तिच्याशी खेळतो. मास्तर तरुणपणी सॅक्सोफोन वाजवत. दम कमी पडायला लागला तेव्हा ते माझ्यासमोर येऊन बसले. नवीन माणसं मी चालू आहे का बघायला माझ्यात ‘फू फू’ करत. तेवढ्या फुंकरीनं माझी पट्टी फाटू शकते. मास्तर रागावत नसत, फक्त विचारत, “ओळख करून घेताना माणसाच्या कानात फुंकतोस का रे?” पुन्हा फुंकायची कोणाची छाती होत नसे.

ताई केंद्रात आल्या त्या हवामान सांगायला. ‘उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील’ हे त्या अशा थाटात सांगत, की ढगांनाही आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. काम संपलं तरी त्या घरी जात नसत. मास्तरांचा कार्यक्रम सुरू झाला की कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत. मास्तरांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे गाण्याच्या तबकडीतला शेवटचा सूर पुरता विरल्याशिवाय बोलायचं नाही. “पाहुणा उंबऱ्यात असतानाच दार लावतो का आपण?” ते म्हणत.

एका रविवारी दुपारी मास्तर तापानं फणफणले आणि कार्यक्रम ताईंच्या गळ्यात पडला. त्यांचा आवाज खोल आणि उबदार होता. माझी पट्टी अशी कधी थरथरली नव्हती. पण तबकडी लावल्यावर माझं बटण बंद करायला त्या विसरल्या. ड्रमच्या तालावर त्यांचं बोट टेबलावर ठेका धरू लागलं. ट्रम्पेटनं एक अवघड वळण घेतलं तेव्हा त्या स्वतःशीच “अगं बाई” म्हणाल्या. मला कुठलं डावं-उजवं कळतं? मी सगळं लोकांच्या घरी पोचवलं.

मी चालू असल्याचा लाल दिवा जळताना दिसला तेव्हा ताईंनी घाईनं माझं बटण बंद केलं. आता नोकरी गेलीच, असं त्या धरून चालल्या. केंद्रप्रमुखांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, पण तोवर फोन खणखणू लागले होते. श्रोते म्हणत होते, आज कोणीतरी शेजारी बसून आपल्याबरोबर ऐकतंय असं वाटलं. तक्रार फक्त ताईंच्या आईची. “आवाज छान गं तुझा,” त्या फोनवर म्हणाल्या, “पण मागे ठकठक भांडी कोण पाडत होतं?”

मास्तर निवृत्त झाले आणि कार्यक्रम ताईंचा झाला. किती वर्षं गेली! पाव भाजणारे, शिंपी, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे रविवारची वाट बघत. मग एक सडपातळ, चकचकीत मायक्रोफोन आला आणि माझी रवानगी त्याच खोलीतल्या कपाटात झाली. मी खोटं बोलत नाही, मला फार वाईट वाटलं. दाराआडून ताईंचा आवाज ऐकायचा, एवढीच करमणूक.

एक दिवस तोही थांबला. ताईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. कित्येक महिन्यांनी त्या परत आल्या. एकदा करून बघा, नाही जमलं तर कार्यक्रम बंद करू, असं केंद्रप्रमुखांनी सांगितलं होतं. ताई नव्या मायक्रोफोनसमोर बसल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले. करपलेलं पातेलं खरवडावं तसा आवाज येत होता.

“बंद करा, मामा,” त्या म्हणाल्या. “हा आवाज लोकांच्या घरात नको.”

मामा म्हणजे आमचे तारा-यंत्रं सांभाळणारे. त्यांनी माझं कपाट उघडलं, मऊ ब्रशनं धूळ झटकली आणि मला ताईंसमोर ठेवलं.

“नवा फार स्पष्टवक्ता आहे, ताई. हा जुना जरा समजून घेतो.”

खरं सांगू? टोकदार, खरखरीत आवाज मला नीट पकडताच येत नाहीत. ही माझी उणीवच. त्या दिवशी ती कामाला आली. ताई हेडफोन पुन्हा कानावर चढवून जवळ झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “कसा आहेस रे?” हेडफोनमधून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, जाडाभरडा, पण त्यांचाच. “रविवारी हाच ठेवा, मामा,” त्या म्हणाल्या.

रविवारी त्या तीनच वाक्यं बोलल्या. तिसऱ्याला आवाज फाटला. त्यांनी तबकडी लावली, हात माझ्या बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला. लाल दिवा जळत राहिला. मग बोट टेबलावर पडू लागलं, तोच जुना ठेका. या वेळी ती चूक नव्हती.

तबकडी संपली. शेवटचा सूर विरला. ताईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. रेडिओवर शांतता म्हणजे आग लागल्यासारखंच. काचेपलीकडे केंद्रप्रमुख ताडकन उठले. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं. त्या शांततेतला ताईंचा श्वाससुद्धा मी घरोघरी पोचवला. मग त्या म्हणाल्या, “मी आहे.”

कार्यक्रम बंद झाला नाही. त्या दिवशी पहिला फोन आईंचा होता.

“आज पुन्हा भांडी पडली,” त्या म्हणाल्या. “बरं वाटलं गं.”

ताई माझ्यापुढेच रडल्या. तेवढं मात्र कोणालाही ऐकू गेलं नाही, कारण मामांनी माझं बटण वेळेवर बंद केलं होतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना कपाटात टाकण्याआधी एकदा बोलून बघा. आणि बोलताना फुंकर मारू नका. नुसतं ‘कसा आहेस रे’ म्हटलं तरी आम्हाला ऐकू येतं.