काचेवरची मेणाची अक्षरं

मी एक जुना रडारचा पडदा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, मी मोठा भित्रा आहे. सध्या साखरखेर्ड्यात शालिग्रामआबांच्या ओसरीत, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी असतो.

आधी मी आणि आबा दोघंही विमानतळावर होतो; आबा विमानांना वाट सांगायचे. उंचावर अँटेना गरगर फिरायची, रेडिओलहरी सोडायची. लहर विमानावर आपटून परतली की माझ्या काचेवर ठिपका चमकायचा. परतायला जितका वेळ, तितकं विमान लांब. बस्स, एवढंच मला कळायचं. ठिपक्याला ना नाव, ना उंची! नाव आबा मेणाच्या पेन्सिलीने माझ्या काचेवर लिहायचे. ठिपका सरकला की बोटाने पुसायचे, पुन्हा पुढे लिहायचे.

एका सकाळी दाट धुकं होतं. दोन ठिपके एकमेकांवरून गेले. वेगळे झाल्यावर आबांनी अंदाजाने नावं लिहिली. आता एका विमानाला खाली उतरायला सांगायचं होतं. आबा थांबले. "खात्री नाही मले," असं पुटपुटत त्यांनी त्याला रेडिओवरून आधी डावीकडे वळायला सांगितलं. आम्ही अँटेनाच्या पुढच्या फेऱ्यांची वाट पाहिली. आणि वळला तो दुसराच ठिपका! नावं उलटी पडली होती; तसंच उतरायला सांगितलं असतं, तर धुक्यात विमानं आदळलीही असती. माझी तर पाचावर धारण बसली.

पुढे स्वतःच नावं लिहिणारी यंत्रं आली. मला काढून टाकलं, तेव्हा आबा मला घरी घेऊन आले.

काल दुपारी भंगारवाला आला. आबा आत झोपले होते. सूनबाई कोकिळा म्हणाली, "घेऊन जा बाप्पा, जागा अडून राह्यली." त्याने आतल्या तांब्याच्या तारांसाठी मला इथेच फोडायचं ठरवलं. अरे देवा! माझ्या काचेच्या पोटात हवाच नाही. काच फुटली की बाहेरची हवा आत घुसते आणि तुकडे चौफेर उडतात. आणि आबांची नात वैष्णवी अगदी जवळ उभी! मी आयुष्यभर फक्त दाखवलं, बोललो कधीच नाही. ओरडू कसा?

हातोडा वर गेला.

"थांबा ना काका, आबाले विचारून येते," वैष्णवी म्हणाली.

आबा चष्म्याविनाच धावत आले. "मांगं सरा बे! फुटला तं पोरीचे डोये जातीन!"

"मले काय मालूम होतं, मामाजी," वैष्णवीला मागे ओढत कोकिळा म्हणाली.

मग आबांनी ती जुनी पेन्सिल शोधली आणि माझ्या काचेवर लिहिलं, 'आधी विचारा.'

पण मेणच ते. आज सकाळी खेळता खेळता कुणाचं तरी बोट फिरलं, अर्धं पुसलं गेलं. वैष्णवी शाळेत आहे, आबांचा डोळा लागलाय, आणि गल्लीत दुसऱ्याच भंगारवाल्याची हाळी ऐकू येतेय. मित्रांनो, विचारायला तोंड लागतं. ते तुमच्याकडे आहे रे, माझ्याकडे नाही.